लेहच्या वाटेवर नेटवर्क जातं, मग नकाशावरचा निळा ठिपका कसा काय चालतो?



मागच्या आठवड्यात इंदापूरहून ताईचा फोन आला. भाचा जूनअखेरीस तीन मित्रांबरोबर बुलेटवर लेहला निघालाय. इंदापूर ते मनाली जवळपास दोन हजार किलोमीटर, आणि खरा प्रवास त्याच्या पुढे. ताईचा प्रश्न एवढाच होता, "तुझ्या वेळेसारखं नाही ना रे होणार?"

मागून भाच्याचा आवाज आला, "आई, मी लोकेशन शेअर करून ठेवणारे. जीपीएस उपग्रहावर चालतं. नेटवर्क नसलं तरी मी कुठंय ते तुला दिसत राहील. मामा, सांग की तिला!"

मी काही लगेच 'हो' म्हणालो नाही. कारण त्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे आणि अर्धं चूक. त्या चुकीच्या अर्ध्यामुळे दोन वर्षांपूर्वी माझ्या घरच्यांनी दोन रात्री जागून काढल्यात. म्हणून हा लेख. तुमच्या घरातून कोणी लडाखला निघालं असेल, तर जाणाऱ्यानं आणि घरी राहणाऱ्यानं, दोघांनीही वाचावा असा.

त्या ५२ तासांत काय झालं?

तुकोबांची पालखी इंदापुरातून पुढे गेली आणि आम्ही चौघे बारामतीतून निघालो. मनालीपर्यंत सगळं झकास. अटल बोगदा ओलांडला, तांदीच्या पंपावर टाक्या फुल केल्या, केलाँगला जेवलो. घरी फोन केला, "उद्या रात्री लेहमध्ये असू." गुगल मॅप्सवर लोकेशन शेअर केलेलं होतंच.

दुपारी एकच्या सुमारास नेटवर्क गेलं. माझी गाडी जुनी, कार्बोरेटरवाली. ती चढाला दमायला लागली आणि पहिला मुक्काम सरचूला पडला. दुसऱ्या दिवशी गाडी ढकलत, थांबत, प्लग साफ करत कसंबसं पांगपर्यंत पोचलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला लेह. तिथं टॉवर दिसत होते, दुकानदार फोनवर बोलत होते, माझ्या फोनवर मात्र 'सेवा नाही'. शेवटी हॉटेलच्या वायफायवरून व्हॉट्सअॅप कॉल लावला.

आम्हाला वाटलं, थोडा उशीर झालाय, इतकंच. घरी काय चाललं होतं? ताईच्या फोनवर माझा ठिपका भागा नदीच्या कडेला एका वळणावर थांबला होता. रस्ता आणि नदी अगदी चिकटून. रात्री तिथंच, सकाळी तिथंच, दुसऱ्या रात्रीही तिथंच. खाली बारीक अक्षरात 'इतक्या तासांपूर्वी' असं लिहिलेलं येतं, पण घाबरलेल्या माणसाला ते दिसत नाही. त्याला फक्त नदीकाठी थांबलेला ठिपका दिसतो. आईनं जेवण सोडलं होतं. दाजी बॅग भरून विमानाचं तिकीट शोधत बसले होते.

आम्ही चौघेही ठणठणीत होतो. चूक झाली ती तंत्रज्ञान समजून घेण्यात.

जीपीएस ऐकतं, बोलत नाही

शेतात बांधावर रेडिओ लावलाय असं समजा. पुणे आकाशवाणी तुम्हाला ऐकू येते. पण तुम्ही रेडिओपुढे कितीही ओरडलात तरी पुण्यात ऐकू जात नाही. फोनमधलं जीपीएस अगदी तसंच आहे. ते फक्त ऐकतं.

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर वर फिरत असतात. प्रत्येक उपग्रह सतत दोनच गोष्टी सांगत असतो, 'मी इथं आहे' आणि 'आत्ता इतके वाजलेत'. हा संदेश फोनपर्यंत पोचायला साधारण ०.०७ सेकंद लागतात. किती वेळ लागला यावरून फोन त्या उपग्रहाचं अंतर काढतो. किमान चार उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा आणि उंची दोन्ही समजतात. या सगळ्या हिशोबात मोबाइल टॉवरचं काम काही नाही. म्हणून एअरप्लेन मोडवरही निळा ठिपका चालतो. भाच्याचं अर्धं बरोबर ते हे.

आता चुकीचं अर्धं. तुमचा ठिकाणा तुमच्या फोनला कळला, पण तो ताईच्या फोनला कोण सांगणार? ते काम इंटरनेटचं, म्हणजे टॉवरचं. टॉवर गेला की तुमच्या फोनवरचा ठिपका पुढे जात राहतो आणि ताईच्या फोनवरचा शेवटच्या जागी थिजतो. 'मी इथं आहे' असं तो ठिपका सांगत नाही. 'मी शेवटचा इथं दिसलो होतो' एवढंच त्याचं म्हणणं असतं.

यातल्या आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा:

१. नकाशा आधीच उतरवून ठेवा. जीपीएस ठिपका देतं, नकाशा देत नाही. नकाशा नेटवरून येतो. ऑफलाइन नकाशा नसेल तर कोऱ्या करड्या पडद्यावर निळा ठिपका बघत बसावं लागतं. गुगल मॅप्समध्ये मनाली ते लेह हा पट्टा डाउनलोड करता येतो. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओस्मअँडसारखं एखादं अॅप ठेवा. ऑफलाइन असताना रहदारी, बंद रस्ता, कोसळलेली दरड यातलं काहीच कळत नाही, त्यामुळे नकाशानं सांगितलेल्या वेळेवर विसंबू नका.

२. पहिल्यांदा ठिपका यायला वेळ लागतो. नेट असलं की उपग्रह कुठे आहेत याची माहिती फोन आधीच नेटवरून घेतो, म्हणून ठिपका चटकन येतो. नेट नसेल तर ती उपग्रहाकडूनच घ्यावी लागते. ती येते सेकंदाला ५० बिट या वेगानं, म्हणजे एका उपग्रहाची माहिती मिळायला सुमारे अर्धा मिनिट. मोकळ्या आभाळाखाली फोन हातात धरून दोन-चार मिनिटं एका जागी उभे राहा. 'जीपीएस बिघडलं' म्हणून फोन सारखा चालू-बंद केलात तर आणखी उशीर.

याची चाचणी घरीच होते. नकाशा डाउनलोड करा, फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि इंदापूर ते भिगवण एक चक्कर मारा. उजनीच्या पाण्याच्या कडेकडेनं ठिपका नीट सरकला तर तयारी झाली. नाही सरकला, तर चूक घराजवळच सापडली.

टॉवर असूनही फोन का लागत नाही?

माझ्यासारखे खूप जण इथं फसतात. जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम चालत नाहीत. सुरक्षेच्या कारणासाठी हा नियम आहे. पोस्टपेड सिम चालतं. हिमाचलात प्रीपेड व्यवस्थित चालतं, त्यामुळे केलाँगपर्यंत शंकाही येत नाही. सरचूच्या आसपास लडाखची हद्द लागली की ते सिम लेहच्या बाजारात टॉवरखाली उभं राहूनही मुकं.

उपाय सोपा आहे. नंबर तोच ठेवून प्रीपेडचं पोस्टपेड करून घ्या. पण हे काम निघायच्या आदल्या दिवशी नको, निदान दोन आठवडे आधी. चौघांचा ग्रुप असेल तर चारही सिम एकाच कंपनीची ठेवू नका. एकीचा टॉवर नसेल तिथं दुसरीचा असू शकतो.

पोस्टपेड घेतलं म्हणजे सगळीकडे फोन लागेल असंही नाही. लडाखमध्ये टॉवर वाढतायत, पार सियाचीनपर्यंत मोबाइल सेवा गेलीय. पण मनाली-लेह रस्त्यावर घाटांमधले मोठे टप्पे अजून शांतच. डोंगर आडवा आला की टॉवरची लहर पलीकडे पोचत नाही.

अशा टप्प्यात फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. टॉवर सापडत नसला की फोन पुन्हा पुन्हा जोर लावून शोधत राहतो आणि बॅटरी खातो. एअरप्लेन मोडवर जीपीएस चालूच राहतं, हे आपण वर पाहिलंच.

मग उपग्रहावरून बोलणारं यंत्र का नेऊ नये?

हा प्रश्न भाच्यानं विचारलाच. यूट्यूबवर अलास्काचे व्हिडिओ बघितलेत त्यानं. तिथल्या डाल्टन हायवेवर कोल्डफूट ते डेडहॉर्स हे सुमारे ३८६ किलोमीटर अंतर पेट्रोल पंपाशिवाय काढावं लागतं. आपल्या तांदीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' अशी पाटी प्रसिद्ध आहे, त्याचाच हा भाऊ. (प्रत्यक्षात लेहच्या थोडं अलीकडे कारूला पंप लागतो. तरी जादा पेट्रोलचा कॅन बरोबर हवाच.) तिथले रायडर खिशात उपग्रह मेसेंजर ठेवतात. टॉवर नसला तरी त्यावरून 'मी ठीक आहे' असा निरोप जातो, बटण दाबलं तर मदत मागता येते. तो फक्त ऐकत नाही, बोलतोही.

भारतात मात्र परवान्याशिवाय असं यंत्र बाळगता येत नाही. थुराया आणि इरिडियमचे उपग्रह फोन इथं मनाई आहेत आणि गार्मिनचं इनरीच इरिडियमवरच चालतं. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका कॅनेडियन धावपटू महिलेला इनरीच सामानात सापडल्यामुळे ताब्यात घेतलं होतं. लडाख तर सीमेवरचा भाग. म्हणून परदेशातल्या मित्रानं भेट दिलं, ऑनलाइन स्वस्तात मिळालं, असलं काही बॅगेत टाकू नका. नव्या आयफोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय असते, पण तीही भारतात सुरू नाही.

थोडक्यात, आपल्याकडच्या रायडरला मधल्या टप्प्यात घरी निरोप द्यायचं सोपं आणि कायदेशीर साधन हाताशी नसतं. हे आधी मान्य केलं की पुढची तयारी बरोबर होते.

थंडीत फोन अचानक का मरतो?

सरचू सुमारे ४,२९० मीटर उंचीवर आहे. रात्री तंबूत फोन ४० टक्क्यांवर होता, सकाळी बंद. आम्हाला वाटलं बिघडला. खिशात ठेवला, अर्ध्या तासानं चालू झाला आणि तीसच्या पुढे टक्के दाखवायला लागला!

आपल्याकडचं उदाहरण घ्या. थंडीत काकवी बरणीतून किती सावकाश उतरते? बॅटरीतले लिथियमचे कण थंडीत असेच सुस्तावतात. आत वीज असते, पण मागितली त्या क्षणी पुरेशी बाहेर पडत नाही. व्होल्टेज घसरतं आणि फोन स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. ऊब मिळाली की परत जागा होतो.

- फोन आणि पॉवरबँक रात्री झोपायच्या बॅगेत, अंगाजवळ ठेवा. गाडीच्या बॅगेत नको.
- गोठलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नका. शून्य अंशाखाली चार्ज केल्यास आत लिथियमचा थर बसतो आणि बॅटरी कायमची खराब होऊ शकते. आधी ऊब, मग चार्जर.
- फोन हँडलला लावणार असाल तर कंप शोषणारा होल्डर घ्या. मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी कॅमेरा बिघडू शकतो, असा इशारा अॅपलनंच २०२१ मध्ये दिलाय.
- एक साधा, बटणांचा फोन वेगळ्या कंपनीचं पोस्टपेड सिम घालून बंद करून ठेवा. अडचणीत कामाला येतो.

वेळापत्रक का चुकतं? गाडीचा दम

माझे ५२ तास गेले त्यातले निम्मे गाडीपायी. बारामती समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. बारालाचा ला ४,८९० मीटर. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यापेक्षा थोडाच जास्त. इंजिनाला पेट्रोल जाळायला हवा लागते, आणि प्रत्येक घोटात हवा कमी.

कार्बोरेटर बारामतीच्या हवेला लावलेला असतो. वर हवा विरळ झाली तरी पेट्रोल तो त्या मानानं जास्तच सोडतो. मिश्रण घट्ट होतं, प्लग काळा पडतो, गाडी गुदमरते. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आलं. त्यातला सेन्सर हवेचा दाब मोजतो आणि त्या हिशोबात पेट्रोल कमी करतो. गाडी गुदमरत नाही, पण ताकद कमी होतेच. हवाच नाही तर सेन्सर तरी ती आणणार कुठून?

भाच्याची बुलेट नवी आहे, त्याला प्लग घासत बसावं लागणार नाही. पण दोन बॅगा आणि मागे मित्र असला की घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच चालावं लागेल. त्यात माणसाचा दमही तसाच. डोकं दुखतं, मळमळतं, थांबावं लागतं. त्रास वाढला तर पुढे रेटायचं नाही, खाली उतरायचं. मग ठरवलेली वेळ पाळली जाईलच कशी? म्हणून 'उद्या रात्री लेह' असलं वचन देऊच नये. मी ते दिलं होतं.

उपाय सापडला तो पालखीत

आमची आजी वारीला जायची तेव्हा घरातच काय, गावात सुद्धा फोन मोजकेच होते. तरी 'आज कुठं असेल?' असं विचारलं की घरात कोणीही सांगायचं, आज सणसर, उद्या निमगाव केतकी, परवा इंदापूर. पालखीच्या मुक्कामांचं छापील वेळापत्रक भिंतीवर असायचं. निरोप नसला तरी घोर नसायचा, कारण निरोप कधी येणार नाही हे आधीच माहीत असायचं.

तेच मी भाच्यासाठी केलं. रविवारी इंदापूरला गेलो आणि ताईच्या स्वयंपाकघरात बसून एक कागद बनवला. त्यात हे आहे:

१. मुक्काम आणि तारखा. प्रत्येक मुक्कामासमोर एक राखीव दिवस. सरचूचा मुक्काम दोन दिवसही होऊ शकतो, असं स्पष्ट लिहिलेलं.

२. शांत टप्पे. केलाँग ते लेह लाल पेनानं अधोरेखित. या टप्प्यात ठिपका हलणार नाही, फोन लागणार नाही, आणि ते ठीक आहे.

३. काळजीची वेळ. केलाँगहून शेवटचा फोन आल्यापासून ७२ तास. त्याआधी घाबरायचं नाही. त्यानंतर मात्र वाट बघायची नाही.

४. त्यानंतर काय करायचं. आधी ग्रुपमधल्या बाकी तिघांच्या घरी फोन, मग लेहचं ठरवलेलं हॉटेल, मग लाहौल-स्पीती आणि लेह जिल्ह्यांच्या पोलिसांचे नंबर. इंदापुरातून ११२ लावलं तर फोन महाराष्ट्राच्याच नियंत्रण कक्षात जातो, म्हणून तिथले नंबर आधीच काढून लिहून ठेवायचे.

५. ओळख. चारही गाड्यांचे नंबर, चौघांचे रक्तगट, कपड्यांचे रंग.

भाच्याकडेही कागदाची एक प्रत आणि खिशात चार चिठ्ठ्या. चिठ्ठीवर घरचा नंबर आणि एक ओळ, 'आम्ही ठीक आहोत, उशीर होतोय.' अडकलाच तर समोरून केलाँगकडे निघालेल्या ट्रकवाल्याच्या हातात चिठ्ठी द्यायची. नेटवर्क लागलं की तो फोन करेल. तिकडचे ड्रायव्हर एवढं नक्की करतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारून असे निदान पन्नास ट्रक गेले, आणि आमच्या चौघांतल्या एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

ताईनं कागद फ्रिजवर लावलाय. लाल रेघेवर बोट ठेवून ती भाच्याला म्हणाली, "एवढ्या टप्प्यात तुझी काळजी करायची नाही, असं मामानं लिहून दिलंय. पण केलाँगहून फोन केला नाहीस तर बघ."

भाच्यानं लोकेशन शेअरिंगही चालू ठेवलंय. ठेवू दे. आता तो ठिपका थांबला, की का थांबला हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

तुमच्या ओळखीत कोणी या मोसमात लडाखला निघत असेल, तर त्याला हा लेख पाठवा. आणि त्याच्या घरच्यांना आधी पाठवा.